दोन दिवसांचे तर्पण

(पितृपक्षानिमित्त झालेल्या कुटुंब-मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)



इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्क नावाचे एक पुरातन शहर आहे. इ.स. ७१ मध्ये रोमन सैन्याने तेथे तळ उभारला, ८६६ मध्ये व्हायकिंगांनी ते जिंकले आणि मध्ययुगात तेथे युरोपातील भव्य चर्चपैकी एक चर्च उभे राहिले. शहराचा जुना तट आजही बऱ्याच अंशी शाबूत आहे. दरवर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस, 'हॅलोविन'च्या दिवसांत, या शहरात शनिवार-रविवारच्या सहलींची झुंबड उडते. बसगाड्या भरभरून माणसे येतात. अंधार पडला की काळा झगा घातलेला वाटाड्या पुढे आणि चाळीस-पन्नास माणसांचा घोळका मागे, अशी 'भूतफेरी' निघते. या फेऱ्यांचा व्यवसाय तेथे १९७० च्या दशकापासून चालू आहे. कोणत्या तळघरात रोमन शिपायांची भुते दिसली, कोणत्या खिडकीत कोणाची सावली हलते, हे ऐकायचे, किंचाळायचे, हसायचे आणि मग खाणावळीत जायचे. दोन दिवसांची हौस भागते. गावाला पैसा मिळतो. त्यात कोणाचे काही बिघडते असेही नाही.

मात्र त्याच यॉर्कमध्ये एका उंचवट्यावर दगडी बुरूज उभा आहे. त्याला क्लिफर्डचा बुरूज म्हणतात. १६ मार्च ११९० च्या रात्री या जागी असलेल्या लाकडी गढीत शहरातील सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष-मुलांनी आश्रय घेतला होता. बाहेर जमाव होता. धर्म सोडा, नाहीतर मरा, एवढेच दोन पर्याय समोर होते. बहुतेकांनी आपल्या हातांनी आपला आणि आपल्या माणसांचा शेवट केला. अभय मिळेल या आशेने जे बाहेर आले, त्यांनाही मारण्यात आले. जमावात ज्यूंचे कर्जदार होते. त्यांनी नंतर चर्चमध्ये ठेवलेली कर्जखते जाळून टाकली. या हत्याकांडाची आठवण सांगणारा फलक तेथे लागला तो १९७८ साली, म्हणजे पावणेआठशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. नंतर त्या उतारावर डॅफोडिलची रोपे लावली गेली. मार्चमध्ये ती फुलतात.

येथे विचार करण्यासारखी एक गोष्ट आहे. काल्पनिक भुतांना त्या शहरात तिकीट लावून प्रेक्षक मिळाले आणि खऱ्या मृतांना फलकासाठी आठ शतके थांबावे लागले. मृतांची करमणूक झाली की मृतांचे स्मरण मागे पडते. हा दोष इंग्रजांचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तो कोणत्याही समाजाला जडू शकतो.

मूळ दिवस पितरांचेच

हॅलोविन आज मुंबई-पुण्याच्या मॉलमध्ये, काही इंग्रजी शाळांत आणि मोठ्या गृहसंकुलांत पोहोचला आहे. भोपळे कोरले जातात, मुले हाडांच्या सापळ्याचे कपडे घालून दारोदार गोळ्या-चॉकलेट मागतात. हे पाहून आपल्याकडील ज्येष्ठ मंडळी संतापतात. संताप समजण्यासारखा आहे. परंतु नुसत्या संतापाने मुलांच्या हाती काही पडत नाही. आधी हा सण मुळात काय होता, ते पाहिले पाहिजे.

सुगी संपून हिवाळा लागताना, गेलेल्या माणसांचे आत्मे घराकडे येतात, अशी केल्टिक लोकांची समजूत होती. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरवला. त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोविन. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये या दिवसांत गोरगरीब दारोदार जात, घरातील मृतांसाठी प्रार्थना करीत आणि त्याबदली घरधनी त्यांना छोट्या गोड पोळ्या देत. गेलेल्याच्या नावाने जिवंत भुकेल्याच्या मुखात घास घालणे, हेच ते अन्नदान. आजच्या मुलांच्या चॉकलेट मागण्याचे मूळ त्यात असल्याचे मानले जाते. प्रार्थना गळली, गरीब गळला, मृताचे नाव गळले. शिल्लक राहिला तो पोशाख.

तेव्हा प्रश्न परक्या सणाचा जितका आहे, त्याहून अधिक आपल्या घरातील सणाचा आहे. पितरांचा पंधरवडा आपल्याकडेही आहे. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत. त्याची आज सुशिक्षित घरांतून ओळख कोणती? या दिवसांत सोने घ्यायचे नाही, गाडी घ्यायची नाही, घराचा करार करायचा नाही. म्हणजे 'काय करायचे नाही' एवढेच पुढच्या पिढीला कळले आहे. काय करायचे असते, हे सांगणारे आजी-आजोबा त्या घरात आता भिंतीवरच्या चौकटीत आहेत.

नावानिशी हाक

श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला आहे. जे श्रद्धेने केले जाते ते श्राद्ध. या विधीत पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्यांची नावे गोत्रासह घ्यावी लागतात. मातुल घराण्यातील पूर्वजांचीही नावे घेतली जातात. अविधवा नवमीला सौभाग्यवती असताना गेलेल्या स्त्रियांचे स्मरण होते. सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्या सर्वांचे. घरची खीर, वडे, भाज्या यांचे पान वाढून आधी कावळ्याला, गायीला आणि अतिथीला घास द्यायचा, मग घरच्यांनी जेवायचे.

यातील पहिली अट लक्षात घ्यावी. नाव ठाऊक असले पाहिजे. आज कोणत्याही वर्गात जाऊन मुलांना पणजोबांचे नाव विचारावे. किती हात वर होतात ते पाहावे. पणजीचे नाव विचारले तर शिक्षकांचाही हात कदाचित खालीच राहील. ज्या समाजाला आपल्या पितरांची नावे आठवत नाहीत, त्याला त्यांचे पराक्रम आणि त्यांच्या चुका आठवतील कशा?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. तर्पणाचे पाणी फक्त आपल्या वंशापुरते नसते. जे आपले आप्त नव्हते, ज्यांचा वंश खुंटला, ज्यांना पाणी देणारे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडण्याची योजना पूर्वसूरींनी केली आहे. भीष्म निपुत्रिक होते, म्हणून भीष्माष्टमीला साऱ्या समाजाने त्यांना तर्पण करावे असा संकेत आहे. महाभारत युद्ध संपल्यावर युधिष्ठिराने दोन्ही पक्षांच्या मृतांचे अंत्यसंस्कार केले. ज्यांचे कोणी नव्हते त्यांचेही केले. रावण पडल्यावर विभीषण अंत्यविधीस कचरू लागला, तेव्हा वैर मरणाबरोबर संपते हे त्याला प्रभू रामचंद्रांनी समजावले. छत्रपती शिवरायांनी अफझलखानाची कबर प्रतापगडाच्या पायथ्याशी बांधू दिली, ती याच संस्काराने.

घराचे श्राद्ध घरी होते. परंतु गावाचे, जिल्ह्याचे, राष्ट्राचे श्राद्ध कोणी घालायचे? ज्या भूमीवर हजारो माणसे लढली, पडली, कैदेत झुरली, त्या भूमीच्या पितरांना नावानिशी हाक कोणी मारायची? यासाठीच या पंधरवड्यातील एका शनिवार-रविवारी कुटुंबासह, शाखेसह, शेजाऱ्यांसह अहिल्यानगर जिल्ह्याची सहल काढावी, असे आग्रहाने सुचवायचे आहे. पितृपक्षात मंगलकार्य करू नये ही रूढी आहे. तीर्थयात्रा वर्ज्य नाही. गयेची मोठी यात्रा तर याच पंधरवड्यात भरते.

या जिल्ह्यात एरवी माणसे जात नाहीत असे नाही. शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या दिशेने शनिवार-रविवारी गाड्यांची रीघ लागलेली असते. दर्शन होते, प्रसाद होतो, गाडी परत फिरते. वाटेत नेवासे आहे, जेथे पैसाच्या खांबाशी बसून ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली. तेथेही सर्वांचेच पाय वळतात असे नाही. मग ज्या जागांना नवसाचा लौकिक नाही, त्यांची कथा काय?

पहिला दिवस : नगरचा परिसर

शहराची स्थापना १४९० साली अहमद निजामशहाने केली. येथील भुईकोट किल्ला खंदकाने वेढलेला असून त्याचा घेर दीड किलोमीटरहून अधिक आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि प्रवेशाची चौकशी आधीच करून घ्यावी.

या तटावर १५९५-९६ मध्ये चांदबिबीने अकबराच्या फौजेला दाद दिली नाही. आणि त्याच चांदबिबीचा १६०० साली स्वकीयांनीच संशयापोटी घात केला. त्यानंतर किल्ला मुघलांकडे गेला. पुढे शतके उलटली. मराठ्यांच्या ताब्यातील याच किल्ल्यात १७९८ साली एक वृद्ध कैदी होता. त्याचे नाव नाना फडणवीस. कैद करणारे दौलतराव शिंदे, म्हणजे आपलेच. त्यानंतर पाच वर्षांनी, १२ ऑगस्ट १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीने हा किल्ला घेतला. तटाला खिंडार पडण्यापूर्वी ते मनांना पडलेले असते, हे सांगण्यासाठी यापेक्षा नेमकी जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. मुलांना ती उभ्या-उभ्या दाखवावी.

१९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते या किल्ल्यात स्थानबद्ध होते. सरदार पटेल होते, आचार्य नरेंद्र देव होते, पंडित नेहरू होते. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ नेहरूंनी १९४४ मध्ये येथेच लिहिला. मौलाना आझाद येथे असताना १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. अखेरची भेट झाली नाही. विचारभेद आपल्या जागी असतात. तुरुंगाच्या भिंतीआड घरच्या मरणाची वार्ता ऐकणाऱ्या माणसाचे दुःख त्या भेदांच्या पलीकडचे असते.

शहराच्या पूर्वेस डोंगरावर तीन मजली, अष्टकोनी इमारत दिसते. सारे तिला 'चांदबिबीचा महाल' म्हणतात. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. आयुष्यभर ज्याने राज्यकारभार केला, त्याच्या कबरीवर लोकांनी दुसऱ्याचे नाव चिकटवले आणि खाली गाड्या लावून छायाचित्रे काढली. नाव हरवणे म्हणजे काय, ते येथे समजते.

तेथून भातोडीस जावे. १६२४ साली येथे मलिक अंबरने आदिलशाही आणि मुघल यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकवली, असे इतिहास सांगतो. मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी येथे कामी आले. शिवरायांचे हे सख्खे चुलते. नगरच्या शाह शरीफ पिराच्या आशीर्वादाने मालोजीराजांना ही दोन मुले झाली, म्हणून ही नावे ठेवली, अशी परंपरा आहे. शरीफजीराजांचे स्मारक भातोडीत आहे. शिवरायांच्या चुलत्याचे नाव महाराष्ट्रातील किती घरांना ठाऊक आहे?

दुपारनंतर नगरचे रणगाडा संग्रहालय पाहावे. १९९४ पासून ते चालू आहे. मुले रणगाड्यांवर नजर लावून बसतील, ते स्वाभाविक आहे. मात्र त्यांना अरुण खेत्रपालची कथा सांगितल्याशिवाय तेथून हलू नये. पुण्यात जन्मलेला हा सेकंड लेफ्टनंट नगरच्या केंद्रात नवोदित अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण घेत असतानाच १९७१ चे युद्ध सुरू झाले. 'पूना हॉर्स' पथकातून तो बसंतरच्या रणांगणावर गेला. १६ डिसेंबर रोजी त्याचा रणगाडा पेटला. बाहेर पडण्याचा आदेश मिळाला, तेव्हा आपली तोफ अजून चालते आहे असे सांगून त्याने माघार नाकारली आणि तो लढता-लढता पडला. वय एकवीस. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. 'फामागुस्ता' नावाचा त्याचा तो सेंच्युरियन रणगाडा नगरच्याच केंद्रात जतन केलेला आहे.

या कथेला एक उत्तरार्ध आहे. २००१ साली अरुणचे वृद्ध वडील, निवृत्त ब्रिगेडियर खेत्रपाल, फाळणीत मागे राहिलेले आपले मूळ गाव पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरमध्ये ज्या ब्रिगेडियरने त्यांचे आतिथ्य केले, त्याने अखेर त्यांच्यापाशी एक गोष्ट सांगितली. त्या दिवशी समोरच्या रणगाड्यात तोच होता. अरुणला त्यानेच मारले होते. आणि हे सांगताना त्याने त्या तरुणाच्या शौर्याला वंदन केले. पित्याने काय केले? द्वेषाचा शब्द उच्चारला नाही. पुत्र आपले कर्तव्य करीत होता, समोरचाही आपले. ही आपल्या काळातील गोष्ट आहे, पुराणातील नव्हे.

दिवस मावळताना भिंगारजवळील आलमगीर या जागी यावे. १७०७ च्या मार्चमध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, औरंगजेबाचा अंत नगरच्या छावणीत झाला. दक्षिण जिंकण्यासाठी तो पंचवीस वर्षे या भूमीत वावरला आणि दिल्ली पुन्हा न पाहता गेला. त्याचा देह पुढे खुलताबादेस नेण्यात आला. येथे घोषणा देण्याची गरज नाही आणि शिवीगाळ करण्याचीही नाही. काळाने जो निकाल दिला आहे, त्यात कोणी भर घालू शकत नाही. मुलांना एवढेच सांगावे की, या माणसाची दुसरी एक छावणी उद्या पाहायची आहे. ती याच्या अठरा वर्षे आधीची.

दुसरा दिवस : पेडगाव ते खर्डा

रात्री नगरमध्ये मुक्काम करून भल्या पहाटे श्रीगोंदे तालुक्यातील पेडगावकडे निघावे. भीमेच्या काठी बहादूरगड आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान याच्या नावाने तो ओळखला जाई. आज समाज त्याला धर्मवीरगड म्हणतो. आत यादवकालीन मंदिरे आहेत. लक्ष्मीनारायण मंदिराचे कोरीवकाम पाहताना आजही पाय थबकतात.

फेब्रुवारी १६८९ च्या प्रारंभी संगमेश्वर येथे पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना या छावणीत आणण्यात आले. मुघल इतिहासकारांनीच लिहून ठेवले आहे की, त्यांना विदूषकाचा पोशाख चढवून, उंटावर बसवून, वाद्यांच्या गजरात छावणीतून मिरवण्यात आले. एका राजाची विटंबना हजारोंच्या करमणुकीसाठी झाली. ज्या दिवसांत मुले हौसेने चित्रविचित्र पोशाख करतात, त्या दिवसांत पोशाखाचा हाही एक अर्थ त्यांना एकदा कळला पाहिजे. महाराज नमले नाहीत. फाल्गुन अमावास्येला त्यांना हाल करून मारण्यात आले. त्यांच्याबरोबर कवी कलशही गेले. उत्तरेतून आलेला हा कवी सुटकेची वाट शोधण्याऐवजी मित्राच्या बरोबर मरणाला सामोरा गेला. महाराजांचे नाव घेताना त्यांचेही नाव घेतले जावे.

काल भिंगारला पाहिलेली जागा आणि आज पेडगावला पाहिलेली जागा, यांच्यामध्ये अठरा वर्षे आहेत. छत्रपती गेला, राजधानी गेली, खजिना गेला, तरी ज्या साध्या माणसांनी ही अठरा वर्षे लढून काढली, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. सर्वपित्रीची ओंजळ असते ती अशांसाठी.

पेडगावहून कर्जतमार्गे चौंडी गाठावी. ३१ मे १७२५ रोजी येथे अहिल्यादेवींचा जन्म झाला. जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले २०२४ साली. येथे त्यांच्या दानधर्माची यादी वाचून पुढे जाण्यापूर्वी त्यांच्या आयुष्यातील मरणे मोजावीत. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले. पुढच्याच वर्षी एकुलता एक पुत्र मालेराव गेला. तेरा वर्षांत घरातील तिन्ही कर्ते पुरुष गेलेल्या या स्त्रीने मरेपर्यंत, म्हणजे १३ ऑगस्ट १७९५ पर्यंत, जवळजवळ तीन दशके राज्य चालवले.

आणि या बाईंनी आपल्या पितरांचे स्मरण कसे केले? १७८७ साली त्यांनी गयेचे विष्णुपद मंदिर नव्याने बांधले. ज्या पावलावर पिंड ठेवण्यासाठी देशाच्या कोनाकोपऱ्यातून, कोणत्याही प्रांताचा, कोणत्याही भाषेचा हिंदू येतो, त्या पावलावरचे छत्र चौंडीच्या लेकीने उभारले आहे. आपल्या तीन मृतांसाठी तिने साऱ्या समाजाच्या मृतांची सोय केली. स्वतःचे दुःख असे सर्वांच्या उपयोगी पडले की त्याचे तीर्थ होते. जिल्ह्याचे नाव सार्थ कसे करायचे, याचे उत्तर या एका कृतीत आहे.

शेवटी जामखेडवरून खर्डा. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठ्यांनी निजामाला हरवले. त्याला निंबाळकरांच्या बांधणीच्या खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडले गेले आणि तह करावा लागला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार पेशव्याच्या जरीपटक्याखाली एकत्र आल्याचा हा अखेरचा मोठा प्रसंग. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्यादेवी गेल्या, ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव गेले. तीन वर्षांत नाना नगरच्या कैदेत, आठ वर्षांत नगरचा किल्ला इंग्रजांकडे. खर्ड्याला उभे राहून पहिल्या दिवशी पाहिलेला तट आठवावा. सहलीचे वर्तुळ तेथे पूर्ण होते.

पिंड खऱ्याचाच हवा

अशा सहलीसाठी काही पथ्ये सांगितली पाहिजेत. पहिले पथ्य सत्याचे. या जागांविषयी अनेक अतिरंजित कथा फिरतात. भुयारे, पुरलेले खजिने, मध्यरात्री ऐकू येणाऱ्या टापा. मुलांना त्या आवडतात. परंतु जेथे खरा इतिहासच अंगावर काटा आणतो, तेथे खोट्याची जोड देणे हा पितरांचा अवमान आहे. विरोधकाच्या पदरी नसलेला दोष घालणे आणि आपल्या माणसाची झालेली चूक लपवणे, हेही खोटेच. खोट्या गोष्टींच्या पिंडाला कावळा शिवत नाही.

दुसरे पथ्य वर्तनाचे. समाधीच्या चौथऱ्यावर चढून छायाचित्रे काढू नयेत, दगडावर नावे कोरू नयेत, प्लास्टिक टाकू नये. उलट एक तास काढून परिसर झाडावा. कोणाची जागा आहे हे न पाहता झाडावा. शरीफजींची असो, सलाबतखानाची असो. जेवण गावातच घ्यावे आणि गावातील एखाद्या म्हाताऱ्या माणसाला पंगतीला बसवून त्याच्याकडून गावाची हकीकत ऐकावी. पुस्तकात नसलेले पुष्कळ काही त्याच्यापाशी असते आणि तो गेला की तेही जाते.

तिसरे पथ्य घरचे. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या कुटुंबातील चार पिढ्यांची नावे वहीत लिहून आणावीत, पुरुषांची आणि स्त्रियांचीही. जी नावे मिळणार नाहीत, त्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. सहलीहून परतल्यावर त्या जागा भरण्यासाठी मामाला, आत्याला, गावाकडच्या चुलत आजोबांना दूरध्वनी करावा. त्या एका चौकशीतून कितीतरी तुटलेली नाती पुन्हा बोलती होतात.

नगराची पाटी बदलणे हे शासनाचे काम होते, ते झाले. पाटीवरच्या नावामागचे माणूस लक्षात ठेवणे हे समाजाचे काम आहे आणि ते कोणत्याही राजपत्राने होत नाही. ते वर्षातून दोन दिवस तरी त्या मातीत जाऊन, नावे घेऊन, खाली वाकून करावे लागते.

यॉर्कच्या रात्री किंचाळणारी माणसे दुष्ट नाहीत. त्यांच्या हातातून एक वस्तू निसटली आहे, एवढेच. आपल्या हातात ती अजून आहे. ओंजळीतील पाणी फार वेळ टिकत नाही, ते योग्य जागी सोडावे लागते. यंदाच्या पितृपक्षात ते नगरच्या तटाशी, भातोडीच्या रणात, पेडगावच्या भीमेत आणि चौंडीच्या अंगणात सोडले जावे, हीच प्रार्थना.